मास्तर आडवे मावतील अशी गाडी

१९ नोव्हेंबर, रविवार. आभाळ निरभ्र, वारा उत्तरेकडून. अंगणातल्या बादलीत हात घातला की बोटं आखडत होती. ऊन वर आल्यावर मात्र स्वेटर काढावं लागलं.

त्या दिवशी आम्ही पहिली जुनी गाडी पाहायला गेलो, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. किस्से कसे साचतात, ते मी कापसाच्या जिनिंगमध्ये रोज पाहतो. सरकीची एक मूठ कोपऱ्यात सांडते, कुणी झाडत नाही, आणि आठ दिवसांनी पाहावं तर ढीग! आमचंही तसंच झालं. संक्रांतीपर्यंत आम्ही चार गाड्या पाहिल्या. आता सांगताना लोक हसतात, आम्हीही हसतो. पण ते घडत होतं तेव्हा आमच्यातलं कुणी हसत नव्हतं.

आम्ही चौघं. देवराव मास्तर चिखलीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवतात. सहा फूट उंच, बोलणं मोजकं. सुदाम सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. भगवान आमच्या जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर. आणि मी त्याच जिनिंगचा स्टोअरकीपर, मला सगळे नाना म्हणतात. दोन दिवस सुटी मिळाली की डोंगरात जायचं, ताडपत्रीच्या तंबूत राहायचं, आणि कडा दिसला की दोर लावून चढायचं, हा आमचा नाद. गावाच्या मते आम्ही चौघंही कामातून गेलेलो.

* * *

गाडी कशाला हवी होती, ते आधी सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, एक कडा आहे. तिथले लोक त्याला घारीचा कडा म्हणतात. आदल्या हिवाळ्यात मास्तर त्याच्या माथ्यापासून पुरुषभर खाली होते. तिथून ते पडले. दोरानं जीव वाचवला, पण लोंबकळताना मांडी खडकावर आपटली आणि हाड मोडलं.

सुदामनं तंबूचा बांबू चिरून पायाला बांधला. रस्त्यापर्यंत बैलगाडी मिळाली. रस्त्यावर एस.टी. मिळाली. लोकांनी मागचं अख्खं बाक रिकामं करून दिलं. पण बाक पाच फुटांचं आणि मास्तर सहा फुटांचे. बांधलेला पाय वाटेत आला. प्रत्येक थांब्यावर जो चढेल तो म्हणायचा, "पाय आत घ्या, पावणे." मास्तर प्रत्येकाला शांतपणे सांगायचे, "जात नाही."

नांदुऱ्याच्या अलीकडे एक म्हातारी चढली. तिला नीट दिसत नसावं. "घे रे बाबा आत," असं म्हणत तिनं तो पाय दोन्ही हातांनी उचलला आणि दुमडून बाकावर ठेवला.

त्यानंतर दवाखाना येईपर्यंत मास्तर बोलले नाहीत.

हाड जुळलं, पाय बोटभर आखूड झाला. वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, आमचा चढायचा मनिला दोर उचलला आणि गव्हाच्या कणगीत तळाशी घालून वर गहू भरला. आम्ही तिघं भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला आणि एवढंच सांगितलं, "ह्यायले आडवं घालून आणता येईन अशी गाडी आणा. मंग दोर देते."

मास्तर खाटेवरून म्हणाले, "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी घारीच्या कड्यावर जाणार. दोर असला तर दोरानं, नसला तर हातानं."

मास्तर बोलल्याप्रमाणे करतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून जसजशी संक्रांत जवळ येऊ लागली तसतशी मला धडकी भरू लागली.

* * *

पहिली गाडी घाटाखाली, मोताळ्याच्या बाजूला एका टूरिंग टॉकीजवाल्याची होती. जत्रेजत्रेत सिनेमाची जाहिरात करत फिरणारी बंद व्हॅन. टपावर कर्णा, दोन्ही अंगांना तलवारी घेतलेली माणसं रंगवलेली. आमच्या चौघांच्या मिळून खिशाला परवडेल अशी.

मास्तर आत आडवे झाले. मावले. आता चाचणी कशी घ्यायची? आम्ही पडलो चढणारी माणसं. आमच्या डोक्यात एकच प्रश्न होता, ही चढेल का? म्हणून आम्ही तिला राजूर घाटात घातली. आणि काय चढली! तिसऱ्या वळणावर एक भरलेला ट्रक दम खात उभा होता, त्याला मागे टाकून ती बुलढाण्याला पोचली. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या. सुदामनं तर घ्यायचं ठरवूनही टाकलं.

गाडी परत करायला तोच घाट उतरायचा आहे, हे तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पहिल्या वळणावर ब्रेक दाबताना भगवानचा पाय थेट तळाच्या पत्र्याला टेकला. तो म्हणाला, "नाना, ब्रेक नाही." आवाज इतका साधा होता की मला आधी कळलंच नाही. मग त्यानं गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, आत जळका वास भरला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडांचे शेंडे. शेंडे माझ्या खिडकीच्या खाली होते. मी डोळे मिटले. मागून मास्तरांचा आवाज आला, "डोंगराच्या अंगाला घास." भगवाननं घासली. तलवारीवाली सगळी माणसं एका बाजूची पुसली गेली. शेवटी रस्त्याच्या कामाचा खडीचा ढीग आला, त्यात ती नाक खुपसून थांबली.

टॉकीजवाल्याचा माणूस सोबत होता. तो खाली उतरला, खडी झटकली आणि म्हणाला, "ब्रेकचं काय हाय साहेब, आमी नेहमी चढावरच थांबवतो."

* * *

भगवानबद्दल इथंच सांगायला हवं. हा माणूस कधीच कडा चढला नाही. त्याला उंचीचं भय. आम्ही दोराला लागलो की तो कड्याकडे पाठ करून बसतो आणि चूल पेटवतो. वर दगड निसटल्याचा आवाज आला की त्याच्या हातातली काडी विझते. आणि कड्यावर वाऱ्यात लटकणारे मी आणि सुदाम त्या दिवशी घाटात लहान पोरासारखे डोळे मिटून बसलो होतो.

परतताना एस.टी.त तो म्हणाला, "तुमी लटकता तवा मी डोये मिटतो. मी उतरवतो तवा तुमी मिटता. फिटंफाट झाली, राजेहो." मग थोडा वेळ खिडकीबाहेर पाहून म्हणाला, "पण मास्तर मिटत नाही. त्या माणसाचं मले भेव वाटते."

* * *

दुसरी गाडी खामगावची. मिलिटरीच्या लिलावातली जखमी न्यायची गाडी, एका भंगारवाल्याच्या आवारात उभी. आत दोन स्ट्रेचर, त्यांना पट्टे, सगळं आम्हाला हवं तस्संच. भंगारवाला बोहणीच्या उत्साहात होता. मास्तर आत आडवे होताना पाहून म्हणाला, "बेफिकर लेटो मास्टरजी. इसको लेटे हुओं की आदत है."

घाटात धडा मिळाल्यामुळे भगवाननं आधी ब्रेक पाहिले. उत्तम. मग इंजिन सुरू करून तो पुढं बॉनेट उघडून कान देऊन उभा राहिला. सुदामनं मास्तरांना पट्ट्यांनी नीट बांधलं, दार लावलं, आणि बाहेरून दाराची फट तपासू लागला. एका पट्ट्याचं टोक दारात चिमटून बाहेर आलं होतं.

आमचा एक नियम आहे, मास्तरांनीच घालून दिलेला. कड्यावर ओरडायचं नाही. वारा असतो, आवाज भलतीकडे जातो, खालचा माणूस घाबरतो. बोलायचं ते दोरानं. एक हिसका म्हणजे थांबा. दोन म्हणजे सैल सोडा. तीन म्हणजे ओढून घ्या.

आत धुराचा पाइप फुटलेला होता आणि सगळा धूर मागच्या डब्यात भरत होता. हे बाहेर कुणालाच कळलं नाही. पट्ट्याची कडी गंजलेली, ती आतून सुटेना. मास्तरांनी हाक मारली नाही. त्यांनी पट्टा तीनदा हिसकला.

दाराबाहेर लोंबणारं टोक तीनदा हललं. सुदामनं ते पाहिलं आणि आठ वर्षांच्या सवयीनं दोन्ही हातांनी ओढून धरलं. म्हणजे मास्तरांची छाती आणखी आवळली!

पुन्हा तीन हिसके. सुदामनं पुन्हा ओढलं. चौथ्या खेपेला हिसका एकच आला, तोही अर्धा. तेव्हा सुदामचा चेहरा पांढरा पडला. त्यानं दार उघडायला घेतलं तर ते अडकलेलं. भंगारवाल्याची पहार आणून आम्ही दार उपटलं, पट्टा कापला आणि मास्तरांना बाहेर घेतलं. ते बराच वेळ खोकत होते, डोळे लाल. सुदाम त्यांची नाडी धरून बसला होता, पण दर वेळी ठोके मोजता मोजता चुकत होता आणि पुन्हा एकपासून सुरू करत होता.

"सर, हाक काऊन नाही मारली?" त्यानं विचारलं.

मास्तर म्हणाले, "तू धरून होतास ना."

सुदाम उठून आवाराच्या भिंतीमागे गेला आणि तिथं बराच वेळ राहिला. ती गाडी आम्ही घेतली नाही.

* * *

डिसेंबरच्या मध्यावर मी एका सकाळी मास्तरांकडे गेलो. घराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, दोघं खदानीकडे गेलेत. गावाबाहेर दगडाची एक जुनी खदान आहे, कडा एकावर एक तीन माणसं उभी राहतील एवढा उंच, सरळ तासलेला.

वहिनी खाली एका दगडावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांची पाठ कड्याकडे होती. मास्तर वर होते. दोर नाही, काही नाही. आखूड पायाला पायरी पुरत नव्हती म्हणून ते हातांवर वजन घेऊन तो पाय चाचपत होते.

मी मान वर केली तशा वहिनी हळूच म्हणाल्या, "वर पाहू नका, नाना. पाह्यलं का ते बोलतात. अन् बोलले का हात ढिला पडते."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मेथी निवडू लागलो. वरून बारीक खडे पडत होते. एक खडा त्यांच्या पदरावर पडला. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला. तेव्हा मला दिसलं, मेथीच्या काड्या त्या परडीत टाकत होत्या आणि पानं जमिनीवर.

थोड्या वेळानं मास्तर माथ्यावरून वळसा घालून आले आणि म्हणाले, "नाना, गाडीचं काय झालं?"

"पाहतोय," मी म्हणालो.

वहिनींनी जमिनीवरची पानं गोळा केली.

* * *

एव्हाना सगळ्या चिखलीला कळलं होतं की ड्रॉइंग मास्तर झोपून पाहून गाडी घेणार आहेत. बाजाराच्या दिवशी शेलसूरचा एक सुतार जिनिंगच्या फाटकावर आला. त्यानं आपली नवी बैलगाडी आणली होती, वर वाकवलेल्या कामट्यांचं छत. मला म्हणाला, "मास्तरले बोलवा. तिघं आडवे मावतात. अन् घाटात ब्रेक लावाची गरज नाही, बैल आपोआप थांबतात."

आम्ही त्याला चहा पाजला. तो गेल्यावर भगवान म्हणाला, "कितीबी गाड्या पाहू आपण, पण त्याची खरी होती."

* * *

तिसरी गाडी लोणारच्या एका बेकरीवाल्याची. पावाची व्हॅन, आत अजून खाऱ्या बिस्किटांचा वास. एक दिवस नेऊन वापरून पाहा म्हणाला. ब्रेक पाहिले. धुराचा पाइप पाहिला. घाटात वरही नेली आणि खालीही आणली. कडा चढताना आम्ही प्रत्येक खडक मुठीनं ठोकून पाहतो, पोकळ वाजला तर हात घालत नाही. त्याच रीतीनं मी गाडीचा पत्रा इंचाइंचानं ठोकला. बेकरीवाला पाहत उभा होता. म्हणाला, "टरबूज घेऊन राह्यले का, नाना?"

दुपारी लोणारच्या खोल तळ्याच्या काठावर, वरच्या कडेला आम्ही गाडी लावली. तिथं जमीन तळ्याकडे जराशी कलती आहे, मग एकदम खाली. मास्तर म्हणाले, आत पडून पाहतो, दुपारभर पाठीला कसं वाटतं ते. भगवाननं हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला. तरी माझं मन राहीना. मी जिनिंगमधून आणलेला, कापसाच्या गाठी बांधायचा जाड दोर मागच्या बंपरला बांधला आणि दुसरं टोक निंबाच्या बुंध्याला. आमचा दुसरा नियम असा की आपली गाठ आपण तपासायची नाही, दुसऱ्यानं तपासायची. सुदामनं माझ्या दोन्ही गाठी ओढून पाहिल्या. पक्क्या. मग आम्ही तिघं भाकरी सोडून बसलो.

दगड कधी सरकला, कुणास ठाऊक. भगवानच्या हातातला कांदा खाली पडला म्हणून मी वर पाहिलं, तर गाडी चालली होती. हळू, अगदी माणूस चालतो तशी. आम्ही धावलो. दोर ताणला गेला, निंब हलला, आणि मी मनात म्हणालो, थांबली. एक मोठा आवाज झाला.

दोर शाबूत. दोन्ही गाठी शाबूत. निंब शाबूत. गाठीत बंपर तेवढा उरला होता! गाडी पुढं.

काठाच्या दोन हात अलीकडे सीताफळीचं दाट झुडूप होतं, त्यात तिचं पुढचं चाक अडकलं. मागचं दार उघडून आम्ही आत पाहिलं. मास्तर झोपले होते. सुदामनं त्यांना हलवलं तेव्हा ते म्हणाले, "पाठीला बरी आहे."

बंपर घेऊन आम्ही बेकरीवाल्याकडे गेलो. तो तोंड वाईट करून म्हणाला, "अरे, नवा होता हो. परवाच बसवला."

"कशानं बसवला?" भगवाननं विचारलं.

"तारेनं."

मी सगळी गाडी ठोकून पाहिली होती. बंपर ठोकायचा राहिला होता.

* * *

संक्रांतीच्या आधीचा रविवार. सकाळी दव इतकं की तुरीची शेतं ओली दिसत होती. उजाडल्यावर वारा पडला.

चौथी गाडी दुसरबीडला होती. त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, मी येते. मास्तरांनी दोन आठवड्यांपासून खदानीत जाणं वाढवलं होतं, वहिनींच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि ही गाडी जमली नाही तर नवी शोधायला रविवार उरला नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं.

गाडी शेषराव नावाच्या एका आडत्याची. हिरव्या रंगाची जुनी स्टेशन वॅगन, मागच्या अंगाला लाकडी चौकट. आम्ही तिला तासभर तपासलं. भगवाननं उभ्या गाडीत ब्रेक दाबून पाहिले, इंजिनाला कान लावला, सुदामनं दारं दहादा लावली-उघडली, मी बंपरसकट सगळं ठोकलं. मास्तर आडवे झाले, डोक्याच्या वर वीतभर जागा राहिली. कुठंच काही सापडेना. खरं सांगतो, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"उतारावर नेऊन पाहू," भगवान म्हणाला. गावाबाहेर नदीकडे लांब उतार होता.

वहिनी तोवर बाजूला उभ्या होत्या. त्या शेषरावांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरचं माणूस बसवा आमच्यासंगं. मंग उतरू."

मला वाटलं, हा माणूस आता चिडेल. तो चिडला नाही. त्यानं घराकडे वळून हाक मारली, "माय, ये वं."

त्याची आई बाहेर आली. सत्तरीच्या पुढची, बारीक अंगाची. पायांत वहाणा आधीच घातलेल्या. ती कुणाला काही न विचारता मागं चढली, पदर कमरेला खोचला आणि खिडकीच्या वरचा लोखंडी गज न पाहता धरला. वहिनी तिच्या शेजारी, मास्तर दोघींच्या पायाशी आडवे, मी आणि सुदाम दाराकडे. पुढं भगवान, त्याच्या शेजारी शेषराव.

उतार लागला. खाली नदीचं पाणी चमकत होतं, काठावर बाया गोधड्या धूत होत्या.

म्हातारीनं वहिनींना विचारलं, "कोठच्या, बाई?"

"चिखलीच्या."

"लेकरं?"

"दोन."

"मंग वरतीच उतराले पाह्यजे होतं," म्हातारी म्हणाली. "हा दर गिऱ्हाइकासंगं मले बसवते. माय बसली म्हणल्यावर गिऱ्हाइकाले धीर येते. तिघं आले आतालोक. तिघंबी खालून चालत घरी गेले."

मी पुढं पाहिलं. शेषरावांची मान ताठ झाली होती.

वहिनींचा आवाज बदलला नाही. "अन् तुमाले भेव नाही वाटत, माय?"

"वाटते ना. पण माह्या पोराले ठाऊक हाय ते कसं दाबाचं." मग म्हातारीनं भगवानच्या पाठीकडे बोट केलं. "आज हा दुसराच चालवून राह्यला."

त्याच वेळी भगवानचा ब्रेकवरचा पाय खाली गेला. मला तो मागूनही दिसला, गुडघा एकदम सरळ झाला. गाडीनं वेग घेतला.

"दोनदा," शेषराव म्हणाले. "दोनदा दाबा. पयला रिकामा जाते."

भगवाननं दुसऱ्यांदा दाबला. काही झालं नाही. बाया गोधड्या टाकून दोन्ही अंगांना पळाल्या. सुदामनं दाराची चौकट धरली. वहिनींनी खाली वाकून दोन्ही हात मास्तरांच्या छातीवर ठेवले आणि सगळं वजन त्यावर टाकलं. मास्तर वर टपाकडे पाहत होते. शेषराव आता ओरडत होते, "सोडून दाबा, सोडून." भगवाननं पाय पूर्ण उचलला आणि पुन्हा दाबला.

मागची चाकं घसरत आली, गाडी आडवी होता होता सरळ झाली आणि थांबली. पुढची दोन्ही चाकं पाण्यात होती. उजव्या चाकाखाली कुणाचीतरी गोधडी.

एक बाई पाण्यातून आली आणि चाकाखालची गोधडी ओढू लागली.

"मी सांगणारच होतो," शेषराव म्हणाले.

"कवा?" म्हातारीनं विचारलं.

सुदाम खाली उतरला आणि काठावर बसला. भगवान पाण्यात गुडघे टेकून गाडीखाली गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला. हात काळे, चेहरा राखेसारखा. "ब्रेकच्या सिलिंडरचं रबर गेलं हाय," तो म्हणाला. "दोन दिवसांचं काम. दुसरं काही नाही."

मास्तर कोपरावर उठून म्हणाले, "चला. चालत जाऊ वर."

वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. म्हातारीचा हात त्यांच्या हातात होता.

"हीच घ्या," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पण आत्ताच—"

"हीच. हिची खोट तरी समजली."

सौदा त्याच दुपारी शेषरावांच्या ओसरीवर झाला. बुधवारी संध्याकाळपर्यंत भगवाननं जिनिंगच्या आवारात रबर बदललं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर वहिनींनी कणगीतून काढून दिलेला दोर कमरेला बांधून घारीच्या कड्याला लागले. दोराचं दुसरं टोक सुदामच्या हातात होतं. दुपारच्या आत ते माथ्यावर पोचले आणि ऊन कलायच्या आत खाली आले. परतीच्या वाटेवर गाडीत मागं कुणी आडवं नव्हतं. वहिनींसकट पाचही जण बसून आलो.